गोठे रिकामे, तरी दूध वाढते कसे?

छावण्या आणि दूध यांचे नाते जुने आहे. बाजारात मिळणाऱ्या दुधाची खात्री नव्हती. त्यातून विषमज्वरासारखे आजार बराकीत शिरत. म्हणून ब्रिटिश फौजेने स्वतःच गायी पाळायला सुरुवात केली. १८८९ साली अलाहाबादला पहिला लष्करी डेअरी फार्म निघाला आणि पुढे देशभरातल्या छावण्यांच्या आसपास असे फार्म उभे राहिले. खडकीपासून थोड्याच अंतरावर, पिंपरीलाही असा फार्म होता. ‘मिलिटरी डेअरी फार्म’ हे शब्द त्या भागाचा पत्ता सांगताना अजूनही लोकांच्या तोंडी येतात.

२०१७ मध्ये सरकारने हे फार्म बंद करण्याचा निर्णय घेतला आणि ३१ मार्च २०२१ रोजी, १३२ वर्षांनी, देशातल्या लष्करी दुग्धशाळांचे काम अधिकृतरीत्या थांबले. गायी राज्य सरकारे आणि इतर संस्थांकडे गेल्या. गोठे ओस पडले, पण जवानांचे दूध काही बंद झाले नाही. खडकी बाजारातही रोज पहाटे पिशव्यांचे क्रेट उतरतात. कात्रज, चितळे, गोकुळ, अमूल, हवे ते घ्या. दसरा-दिवाळीला मागणी वाढते, तेव्हाही दूध संपले असे क्वचितच ऐकू येते.

इथेच अनेकांच्या मनात शंका येते. शहरात गोठा दिसत नाही, गावाकडेही पूर्वीसारखी दावणीला दहा जनावरे नाहीत, मग इतके दूध येते कुठून? नक्कीच युरिया, साबण आणि तेल घालून बनवलेले असणार! शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अशी शंका रोज ऐकायला मिळते. ‘हल्लीचे दूध विषारी’ म्हणून लहान मुलांचे दूध तोडलेल्या आया तिथे येतात आणि गुडघेदुखी, अशक्तपणा, हातापायाला मुंग्या घेऊन आलेले शाकाहारी ज्येष्ठही ‘दूध कधीच सोडले’ असे अभिमानाने सांगतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघते. मांस, मासे, अंडी न खाणाऱ्याला हे जीवनसत्त्व निसर्गतः मिळण्याचा मुख्य मार्ग दूध, दही, ताक हाच आहे. अफवेने तो बंद केला, तर बदल्यात गोळ्या आणि इंजेक्शने घ्यावी लागतात.

म्हणून या शंकेचे उत्तर नीट, आकड्यांनिशी द्यायला हवे.

मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरणारा एक संदेश सांगतो, की देशात रोज १४ कोटी लिटर दूध तयार होते आणि ६४ कोटी लिटर विकले जाते. म्हणजे उरलेले ५० कोटी लिटर बनावट. सोबत जागतिक आरोग्य संघटनेचा ‘इशाराही’ जोडलेला असतो, की भेसळ थांबली नाही तर २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कर्करोग होईल. असा कोणताही इशारा दिलेला नाही, हे त्या संघटनेने आणि केंद्र सरकारने पूर्वीच स्पष्ट केले आहे. २०२५ साल आले आणि गेले. संदेश मात्र तारीख न बदलता फिरतोच आहे.

आता हिशेब पाहू. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३.९३ कोटी टन दूध झाले. त्याला ३६५ ने भागले, तर रोजचे साडेपासष्ट कोटी किलो, म्हणजे जवळपास ६४ कोटी लिटर येते. संदेशात जो ‘खपाचा’ आकडा म्हणून दाखवला जातो, तेवढे दूध आज देशात खरोखरच तयार होते. मग १४ कोटी कुठून आले? २०१४-१५ मध्ये देशाचे वार्षिक उत्पादन १४.६ कोटी टन होते. वर्षाचे टन कुणीतरी दिवसाचे लिटर म्हणून वाचले असावेत आणि या एका चुकीतून पन्नास कोटी लिटर ‘नकली दूध’ जन्माला आले असावे.

तरी मूळ प्रश्न उरतोच. जनावरे कमी होत असताना दूध वाढू शकते का?

याचे सर्वांत स्पष्ट उत्तर युरोपात मिळते. १९७०-८० च्या दशकांत तिथे इतके दूध झाले, की सरकारी गोदामांत लोणी आणि दुधाच्या भुकटीचे ढीग साठले. म्हणून १९८४ पासून प्रत्येक देशाला आणि शेतकऱ्याला दुधाचा कोटा ठरवून दिला गेला. मर्यादा दुधावर आली, तशा शेतकऱ्यांनी गायी कमी केल्या आणि जास्त दूध देणाऱ्या तेवढ्या ठेवल्या. ३१ मार्च २०१५ रोजी कोटा संपला. आयर्लंडसारख्या देशांत त्यानंतर गायी वाढल्या, पण एकूण युरोपीय संघात त्या घटतच राहिल्या. काही ठिकाणी पर्यावरणाचे नियम कडक झाले. नेदरलँड्सने २०१८ पासून शेणातल्या फॉस्फेटवर हक्काची मर्यादा घातली, तर डेन्मार्क २०३० पासून जनावरांतून होणाऱ्या वायू उत्सर्जनावर कर लावणार आहे. शिवाय तरुण पिढी गोठ्यात राबायला तयार नाही, हे दुखणे तिथेही आहेच.

आज युरोपीय संघात दुधाच्या गायी सुमारे दोन कोटी आहेत. दहा वर्षांपूर्वी त्या याहून बऱ्याच जास्त होत्या. दूध मात्र वर्षाला १६ कोटी टनांच्या आसपास आहे, म्हणजे गायी घटूनही ते कमी झालेले नाही. तिथली सरासरी गाय वर्षाला साडेसात हजार किलोंहून अधिक दूध देते. डेन्मार्कमध्ये हा आकडा दहा हजारांच्या आसपास जातो, तर रोमानियात तो चार हजारांच्याही आत आहे. भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार दुभत्या आणि भाकड मिळून साडेबारा कोटी गायी-म्हशी होत्या. म्हणजे आपल्या एक-षष्ठांश जनावरांत युरोप आपल्या दोन-तृतीयांश दूध काढतो. यात भेसळ नाही. निवडक वंश, भरपूर खुराक, वेळेवर औषधोपचार आणि रोजची नोंद, एवढीच त्यामागची कारणे आहेत.

महाराष्ट्रही त्याच वाटेवर आहे, फक्त काही पावले मागे. २०१२ मध्ये राज्यात १ कोटी ५५ लाख गोवर्गीय जनावरे होती. २०१९ मध्ये ती १ कोटी ४० लाखांवर आली, म्हणजे दहा टक्के घट. दुधाचे उत्पादन मात्र २०१२-१३ मधल्या सुमारे ८७ लाख टनांवरून २०१८-१९ मध्ये ११६ लाख टनांवर गेले. इथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. पशुगणनेत बैलही मोजले जातात आणि ट्रॅक्टर आल्यापासून बैल झपाट्याने कमी होत आहेत. देशपातळीवर त्या सात वर्षांत गोवर्गातले नर ३० टक्क्यांनी घटले, तर माद्या १८ टक्क्यांनी वाढल्या. देशी जनावरे ६ टक्क्यांनी कमी झाली. संकरित आणि विदेशी मिळून २७ टक्क्यांनी वाढून पाच कोटींवर गेली. गावरान गाय दिवसाला सरासरी तीन-साडेतीन किलो दूध देते, संकरित गाय आठ किलोंच्या आसपास. दावणीची जनावरे कमी दिसतात आणि तरी डेअरीवरचे कॅन भरतात, याचे गुपित एवढेच आहे.

या बदलाचा मोठा भाग पुणे जिल्ह्यातच घडला. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचनला ‘बायफ’ची स्थापना केली आणि गोठवलेल्या रेतनाद्वारे संकरित गाय शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचवली. लष्करी फार्मांनीही कृषी संशोधन परिषदेच्या साथीने होल्स्टिन आणि साहिवाल यांच्या संकरातून ‘फ्रीजवाल’ ही गाय घडवली. एका वेतात चार हजार किलो दूध हे तिच्यासाठी ठेवलेले लक्ष्य होते. फार्म गेले, पण तो विचार आज बारामती, इंदापूर, शिरूर, जुन्नरच्या गोठ्यांत नांदतो आहे.

तेव्हा ‘जनावरे कमी, म्हणून दूध नकली’ हा तर्क चुकीचा आहे. पण म्हणून दुधाबद्दल निश्चिंत व्हावे का? तेही नाही. भीती अगदीच खोटी नाही, तिचे बोट मात्र चुकीच्या दिशेला आहे.

भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०११ मध्ये दुधाची पाहणी केली. १,७९१ नमुन्यांपैकी ६८.४ टक्के नमुने मानकात बसले नाहीत. या आकड्याने देश हादरला. पण त्यातला सर्वांत मोठा दोष होता पाणी मिसळल्याचा. ती ग्राहकाची फसवणूक आहेच आणि पाणी घाणेरडे असेल तर आजारही आहे. मात्र ‘६८ टक्के दूध विषारी’ असा त्याचा अर्थ होत नाही. त्यानंतर २०१८ मध्ये याच प्राधिकरणाने देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी घातक भेसळ किती नमुन्यांत निघाली? फक्त १२. पण ३६८ नमुन्यांत, म्हणजे जवळपास ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त होते. आणखी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मर्यादेबाहेर होते आणि अशा नमुन्यांच्या बाबतीत मध्य प्रदेश, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश ही राज्ये पुढे होती.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ज्याची सगळे चर्चा करतात ती भेसळ बारा नमुन्यांत आणि ज्याचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नाही ते विष तिच्या तीसपट नमुन्यांत. ते कुणी दुधात ओतलेले नसते. ते गायीच्या गव्हाणीतून येते.

अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष आहे. मका, शेंगदाण्याची पेंड, सरकीची पेंड ओलसर जागी साठवली की त्यावर ही बुरशी धरते. जनावराने तो खुराक खाल्ला, की त्याच्या यकृतात विषाचे रूप बदलते आणि दिवसाभरात ते दुधात उतरते. दूध उकळून किंवा पाश्चरायझेशन करून ते जात नाही. अफ्लाटॉक्सिन दीर्घकाळ शरीरात जात राहिले, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ‘हिपॅटायटिस बी’ची लागण असलेल्यांत हा धोका कितीतरी अधिक असतो. दुधात येणारे एम-१ हे मूळ विषापेक्षा सौम्य आहे आणि एखाद्या पेल्याने काही होत नाही. पण लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा पुष्कळ जास्त दूध पिते, हे विसरता येत नाही.

इथेच गायींची संख्या आणि आरोग्य यांची गाठ पडते. रानात चरणारी, तीन लिटर देणारी गाय पेंड जेमतेम खाते. वीस लिटर देणाऱ्या गायीला रोज काही किलो खुराक घालावाच लागतो. शिवाय जास्त दूध देणाऱ्या गायीत खाल्लेल्या विषाचा अधिक वाटा दुधात उतरतो, असे संशोधनातून दिसले आहे. थोडक्यात, कमी गायींतून जास्त दूध काढायचे, तर खुराकाच्या पोत्यावरची नजर तितकीच कडक हवी. युरोपने हे ओळखले. तिथे दुधातल्या एम-१ ची मर्यादा किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅम आहे. भारतात ती ०.५ आहे, म्हणजे दहापट सैल. तिथल्या गायींचा लिटरमधला आकडा आपल्याला खुणावतो; त्यासोबतचा दशांश चिन्हानंतरचा आकडा मात्र आपण घेतलेला नाही.

दुसरी गोष्ट प्रतिजैविकांची. जास्त दुधाच्या गायीला कासेचा दाह, ज्याला शेतकरी ‘दगडी’ म्हणतात, वारंवार होतो. कासेत प्रतिजैविक सोडले जाते. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते, की इतके दिवस हे दूध माणसाने पिऊ नये. पण रोजच्या वीस लिटरवर घर चालते, तेव्हा चार-पाच दिवसांचे दूध ओतून देणे शेतकऱ्याला परवडत नाही. कधी त्याला ते कुणी सांगितलेलेही नसते. मग ते दूध कॅनमध्ये जाते आणि शंभर गोठ्यांच्या दुधात मिसळते. अशा अवशेषांमुळे काहींना ॲलर्जी होऊ शकते. त्याहून मोठा प्रश्न असा, की गोठ्यात आणि दवाखान्यात प्रतिजैविकांचा मनमानी वापर झाला, की औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात. अशा जंतूंनी झालेले मूत्रमार्गाचे, रक्तातले संसर्ग रुग्णालयांना आता नवीन राहिलेले नाहीत. युरोपने जनावरांच्या वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर २००६ मध्ये बंदी घातली आणि २०२२ पासून आजार नसताना सरसकट प्रतिजैविके देणेही थांबवले. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे अखेरच्या फळीतले औषध खाद्यप्राण्यांसाठी बंद केले. पाऊल योग्य होते, पण ते एकाच औषधापुरते.

युरोपचे सगळेच चांगले, असे मुळीच नाही. कमी वंशांच्या, एकसारख्या गायी म्हणजे साथीला मोकळे रान. २०२२ मध्ये लंपीने महाराष्ट्रातले गोठे हादरवले, तेव्हा मेंढ्या-शेळ्यांच्या देवीची लस घराघरांत फिरून द्यावी लागली. तोच लंपी २०२५ च्या उन्हाळ्यात इटली आणि फ्रान्समध्ये पोहोचला. श्रीमंत गोठाही साथीपुढे श्रीमंत राहत नाही. (लंपी माणसाला होत नाही आणि त्या काळात दूध उकळून पिण्यात धोका नव्हता; पण तेव्हाही अनेक घरांत दूध बंद झाले होतेच.)

यावर उपाय म्हणून काही जण ‘गावरान, ए-२, थेट गोठ्यातून’ अशा महागड्या बाटल्यांकडे वळतात. देशी गायी जगाव्यात, हे खरेच. पण बुरशी लागलेली पेंड गीर गायीने खाल्ली, तरी विष दुधात उतरतेच. ते गायीचे कूळ विचारत नाही. आणि धारोष्ण दुधाचे कौतुक तर सोडलेलेच बरे. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि जनावरांचा क्षय माणसात येतो. महिनोन्महिने येणारा ताप, सांधे आणि कंबर धरणे, रात्री घाम, अशा तक्रारींमागे कधी कधी कच्चे दूध निघते. सुटे दूध घेणाऱ्यांनी ते उकळलेच पाहिजे.

ग्राहकाच्या हातात एवढेच आहे. बाकीचे काम यंत्रणेचे आहे आणि त्याची सुरुवात दुधाच्या दरापासून व्हायला हवी.

आज संकलन केंद्रावर शेतकऱ्याच्या दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो. फॅटचा एक पॉइंट कमी भरला तर पैसे कापले जातात. पण पेंड कोरडी ठेवली, दगडीच्या उपचारानंतरचे दूध बाजूला काढले, म्हणून कुणाला एक रुपयाही जास्त मिळत नाही. जे मोजले जाते त्यालाच पैसे मिळतात आणि ज्याला पैसे मिळतात तेच जपले जाते. जानेवारी २०२४ मध्ये दर पडले, तेव्हा राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले. शेतकऱ्याला ते हवेच होते. असे अनुदान पुन्हा द्यायची वेळ आली, तर त्यातला काही भाग अवशेषमुक्त दुधाशी जोडता येईल. प्रतिजैविके आणि अफ्लाटॉक्सिनसाठी काही मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्या आता मिळतात. प्रत्येक कॅनला नाही, पण प्रत्येक शीतकरण केंद्रावर येणाऱ्या टँकरला त्या लावणे अवघड नाही. उपचारामुळे ओतून द्यावे लागलेल्या दुधाची भरपाई विम्यातून किंवा संघाच्या निधीतून मिळाली, तर शेतकऱ्याला प्रामाणिकपणाचा भुर्दंड बसणार नाही. आणि पशुखाद्याच्या पोत्यावर प्रथिनांच्या टक्केवारीसोबत अफ्लाटॉक्सिनची तपासणी झाल्याची नोंद सक्तीची करावी.

सणासुदीला अन्न व औषध प्रशासन छापे टाकते, टँकरमधले दूध रस्त्यावर ओतले जाते आणि त्याची छायाचित्रे छापून येतात. तेही काम करावेच. पण वर्षभर कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या महिन्यात, किती नमुन्यांत काय सापडले, हे दर तिमाहीला लोकांसमोर ठेवले, तर अफवांना आपोआप उतार पडेल. लोक ‘युरियाच्या दुधावर’ विश्वास ठेवतात, कारण त्यांना खरे आकडे कुणी सांगत नाही.

राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालय खडकीला लागूनच, औंध रस्त्यावर आहे. जनावरांच्या लसी बनवणारी शासकीय संस्थाही औंधलाच आहे. जनावराच्या आजाराची खबर त्यांच्याकडे येते, दुधाच्या तपासणीचे निकाल दुसऱ्या खात्याकडे जातात आणि माणसाच्या आजाराची नोंद तिसऱ्याच खात्याच्या रुग्णालयात होते. गाय, दूध आणि माणूस ही एकच साखळी आहे, हे शास्त्र मान्य करते. फायली मात्र अजून तीन ठिकाणी फिरतात.

बाजारातल्या दुधावर विश्वास नव्हता, म्हणून छावण्यांनी १३० वर्षांपूर्वी गायी पाळल्या. आज त्या गायी नाहीत आणि जवानापासून बाळंतिणीपर्यंत सगळे बाजारातल्याच दुधावर आहेत. हा विश्वास टाकण्यात चूक नाही. दूध सोडण्याचे तर काहीच कारण नाही. ते तापवावे, प्यावे, मुलांना द्यावे. फक्त या विश्वासाची रोज तपासणी व्हायला हवी आणि ती पिशवीपाशी सुरू होऊन चालणार नाही. ती गव्हाणीपासून सुरू व्हायला हवी.